खाणीशेजारच्या विहिरी आणि ओहोळांच्या पाण्यावर लक्ष कसे ठेवाल: गोव्यातील गावांसाठी मार्गदर्शक

गावाशेजारची खाण पुन्हा सुरू होणार असे कानावर आले की बहुतेक ठिकाणी एकच क्रम घडतो. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ लाल वाहतो, कोणीतरी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी भरतो, प्रयोगशाळेतून अहवाल आणतो आणि तो कागद पुढे कुठेच चालत नाही. समोरचा अधिकारी तीनच प्रश्न विचारतो: नमुना नेमका कुठून घेतला, किती वाजता घेतला, आणि खाण सुरू होण्यापूर्वी हेच पाणी कसे होते? या तिन्हींची उत्तरे लेखी तयार असतील तर गावाचे म्हणणे ऐकावेच लागते. ती कशी तयार करायची ते इथे क्रमाने दिले आहे. पाणी समिती, जैवविविधता व्यवस्थापन समिती, कुळागरवाले, शाळा-कॉलेजातील विज्ञानाचे शिक्षक, कोणीही हे काम करू शकते. दोन-तीन माणसे, आठवड्यातले दोन तास आणि वर्षभराची चिकाटी एवढे लागते.

लोहखनिजाचे उत्खनन २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ पासून थांबले होते. लिलावानंतर २०२४ पासून काही ब्लॉक, म्हणजे खाणींचे पट्टे, सुरू झाले आहेत. तुमच्या गावाजवळचा पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, अजून पाण्याने भरलेला असेल तर आजच मोजणीला लागा. एकदा उपशाचे पंप लागले की ‘पूर्वीची पातळी’ कधीच मोजता येणार नाही.

१. आधी जमिनीखाली काय आहे ते समजून घ्या

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी भुयारी नाहीत, उघड्या आहेत. पाण्याच्या दृष्टीने मात्र त्या भुयारी खाणीसारख्याच वागतात, कारण अनेक पिटांचा तळ भूजलाच्या पातळीखाली जातो. डिचोली तालुक्यात काही पिट समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. तळ कोरडा ठेवायचा तर दिवसरात्र पाणी उपसावे लागते.

वरचा थर जांभ्याचा. तो सच्छिद्र असतो, पाऊस पितो आणि घरगुती विहिरींना पाणी पुरवतो. त्याखाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर आणि त्याखाली भुसभुशीत, पावडरीसारखे खनिज. हे खनिज स्वतःच भरपूर पाणी धरून ठेवते. म्हणजे ज्याला खाणवाला ‘माल’ म्हणतो तोच खालचा पाणसाठा आहे. तो उपसला की खालच्या थरातला दाब उतरतो, आणि मधली चिकणमाती जिथे पातळ किंवा फुटलेली असेल तिथे वरच्या विहिरींचे पाणीही हळूहळू खाली झिरपू लागते. सड्याच्या कडेला जांभा आणि चिकणमाती यांच्या सांध्यावर जे झरे फुटतात, ते सहसा सर्वांत आधी आटतात. म्हणून झऱ्याला विहिरीइतकेच महत्त्व द्या.

यातून कामाचा प्राधान्यक्रम ठरतो. गोव्यातले खनिज हेमॅटाइट-लिमोनाइट प्रकारचे, म्हणजे ऑक्साइड आहे. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीतून गंधकयुक्त खनिजांमुळे जसे आम्लाचे पाणी निघते, तसा धोका इथे मोठा नाही. इथली खरी दुखणी तीन: पाणी निघून जाणे, गाळ येणे आणि काही भागांत मँगनीज. विषारी धातूंची लांबलचक यादी तपासण्यात पैसे घालवण्यापूर्वी विहिरीची पातळी आणि ओहोळाचा गाळ मोजा.

२. कागदपत्रे गोळा करा

पुढची कागदपत्रे हाती नसतील तरी मोजणी सुरू करा, पण अर्ज त्याच आठवड्यात टाका.

• खाणीची पर्यावरणीय मंजुरी. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर ती मिळते. तिच्यातल्या अटी एक एक वाचा. भूजलपातळी मोजणे, निरीक्षण विहिरी बांधणे, गाळ अडवणारी तळी आणि बंधारे याबद्दलच्या अटी सहसा तिथेच असतात.
• खाणीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरपर्यंत द्यायचे सहामाही अनुपालन अहवाल. गावातल्या कोणत्या विहिरी ते मोजतात हे त्यातून कळते.
• गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र. बाहेर सोडायच्या पाण्याच्या मर्यादा यात लिहिलेल्या असतात. वाद झाला तर हेच आकडे चालतात, इंटरनेटवरचे नाहीत.
• भूजल उपशाची परवानगी आणि पंपिंगची नोंदवही.
• सर्व्हे आराखडा, लीजची हद्द आणि गावाचा नकाशा.
• केंद्रीय भूजल मंडळाच्या आणि जलस्रोत खात्याच्या जवळच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी.

पोर्टलवर न मिळणारे कागद माहितीच्या अधिकारात मागा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका, उत्तरही तसेच मोघम येते. ‘अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत पिटमधून उपसलेल्या पाण्याच्या रोजच्या तासांची नोंद’ असे नेमके मागा.

ज्या विहिरी मोजणार आहात त्या गोवा भूजल नियमन कायदा, २००२ खाली नोंदलेल्या आहेत का तेही पाहा. नसतील तर मालकाकडून नोंदवून घ्या. नोंद नसलेली विहीर आटली तर तक्रार लंगडी पडते.

३. ठिकाणे निवडा

एका छोट्या गावाला सहा ते आठ विहिरी, एक-दोन झरे आणि ओहोळावरच्या तीन जागा पुरतात. यापेक्षा जास्त घेतल्या तर तिसऱ्या महिन्यात काम बंद पडते.

विहिरी पिटपासून वेगवेगळ्या अंतरावर घ्या: एक शक्य तितकी जवळ, दोन-तीन मधल्या, एक गावाच्या पलीकडे. आणि एक ‘तुलनेची विहीर’ हवीच हवी. ती तशाच जांभ्यात, तेवढ्याच खोलीची, पण वेगळ्या पाणलोटात, खाणीपासून काही किलोमीटर दूर असावी. पाऊस कमी झाला तर दोन्हीकडची पातळी उतरेल. फक्त खाणीकडची उतरली तर कारण वेगळे आहे. ही एक विहीर नसेल तर बाकीच्या सगळ्या नोंदींवर ‘यंदा पाऊसच कमी’ एवढ्या तीन शब्दांत पाणी फिरते.

ओहोळावर पहिली जागा खाणीचे पाणी मिसळण्याच्या वर. दुसरी मिसळल्यानंतर, पाणी नीट एकजीव होते तिथे. छोट्या ओहोळात हे अंतर साधारण १०० ते २०० मीटर असते. दोन्ही काठांवर पाण्याचा रंग सारखा दिसतो का ते बघून ठरवा. तिसरी जागा शेताला किंवा कुळागराला पाणी घेणाऱ्या पाटाच्या तोंडाशी.

इथे एक सापळा आहे. गोव्याच्या नद्यांना भरती खूप आतपर्यंत येते. मांडवीत ती थेट गांजेपर्यंत जाते, आणि डिचोलीसारख्या उपनद्यांतही तिचा परिणाम असतो. भरतीच्या वेळी पाणी उलटे वाहते, म्हणजे तुमची ‘वरची’ जागा काही तासांपुरती ‘खालची’ होते. अशा ठिकाणी नेहमी ओहोटीच्या शेवटच्या तासात नमुना घ्या आणि भरती-ओहोटीची वेळ वहीत लिहा.

प्रत्येक जागेला छोटे नाव द्या: वि-१, वि-२, ओ-१. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्या आणि चारही दिशांचे फोटो काढा. मोबाइलने दाखवलेली उंची मात्र वापरू नका, तिच्यात दहा-दहा मीटरची चूक असते. विहिरींच्या कठड्यांची एकमेकांशी तुलनात्मक उंची हवी असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी किंवा सर्व्हेयरची लेव्हल वापरा.

४. साहित्य

३० मीटरचा फायबरचा टेप आणि टोकाला बांधायला ओळंबा. पांढरा खडू. पर्जन्यमापक, तो कौलांपासून आणि माडांपासून दूर, मोकळ्यावर लावा. पीएच (पाणी किती आम्लधर्मी) आणि विद्युतवाहकता (पाण्यात क्षार किती) मोजणारे खिशातले मीटर. मीटर जुळवून घ्यायला पीएच ४ आणि ७ ची बफर द्रावणे, वाहकतेसाठी १४१३ मायक्रोसीमेन्सचे प्रमाण द्रावण. ६० सेंटिमीटरची गढूळपणा मोजायची पारदर्शक नळी. स्टॉपवॉच, म्हणजे मोबाइल. नमुन्यासाठी बर्फाची पेटी. पक्की बांधणी असलेली वही आणि पेन्सिल, कारण पावसात शाई पसरते.

गमबूट आणि रबरी हातमोजे चैनीचे समजू नका. पावसाळ्यात शेतातल्या आणि ओहोळातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका. विहिरीत कधीच उतरायचे नाही. पाण्याने भरलेल्या जुन्या पिटच्या कडेला जायचे नाही, ती माती पाऊल पडताच सुटते. खाणीच्या हद्दीत विनापरवाना शिरलात तर नमुन्याऐवजी तुमच्यावरच चर्चा सुरू होईल. सार्वजनिक रस्ता, ओहोळ आणि मालकाची संमती असलेली जमीन एवढ्यातच काम करा.

५. विहिरीची पातळी मोजा

कठड्यावर एक जागा निवडून तिथे ऑइल पेंटने लाल खूण करा. यापुढे प्रत्येक मोजणी त्याच खुणेपासून. खुणेची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून लिहून ठेवा.

टेपच्या शून्याकडच्या, ओळंब्याजवळच्या मीटरभर भागाला खडू घासा. ओळंबा पाण्यात थोडा बुडेल इतका टेप सोडा, खुणेशी टेपवर कोणता आकडा येतो ते वाचा, टेप वर काढा आणि खडू कुठपर्यंत भिजला ते पाहा. समजा खुणेशी ९.०० मीटर आले आणि भिजल्याची रेषा ०.३६ वर आहे, तर पाणी खुणेपासून ८.६४ मीटरवर आहे. कठडा ०.८० मीटर उंच असेल तर जमिनीपासूनची खोली ७.८४ मीटर. टेपचे शून्य ओळंब्याच्या टोकाशी असते की कडीशी हे आधी तपासा. शून्याकडचा भाग खाली असल्याने खुणेवरच्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा करावी लागते. कोणती पद्धत वापरता ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि ती बदलू नका. दोनदा मोजा. दोन्हींत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

वेळ पहाटेची, घरचा पंप सुरू होण्यापूर्वीची. आदल्या रात्री पंप किती वाजता बंद झाला ते घरच्यांना विचारा. रिकामी केलेली जांभ्यातली विहीर भरायला कित्येक तास घेते, आणि तासाभरापूर्वी पंप चाललेल्या विहिरीची नोंद म्हणजे पंपाची नोंद, भूजलाची नव्हे.

केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. खाणीशेजारी एवढे पुरत नाही. पंधरवड्यातून एकदा मोजा, आणि मार्च ते मेमध्ये तसेच पंप सुरू झाल्यानंतरचे दोन महिने आठवड्यातून एकदा. पिटमधले पंप बिघाडाने किंवा सुट्टीमुळे काही दिवस बंद पडले तर त्या काळात रोज मोजा. पंप बंद असताना विहिरी चढल्या आणि पुन्हा सुरू होताच उतरल्या, तर यापेक्षा बोलका पुरावा मिळणे कठीण.

झऱ्यासाठी बादली आणि घड्याळ पुरे. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्या.

६. ओहोळाचा प्रवाह आणि गाळ

फक्त गढूळपणा मोजून उपयोग नाही, पाणी किती वाहत होते तेही हवे. सरळ वाहणारा १० मीटरचा टप्पा निवडा. रुंदी मोजा, चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. वरच्या टोकाला एखादे हिरवे लिंबू किंवा कच्ची सुपारी सोडा आणि १० मीटरला लागणारा वेळ घ्या. अर्धी बुडालेली वस्तू हवी, थर्माकोल वाऱ्यावर पळतो. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा वेगाने जाते, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणा.

उदाहरण: रुंदी २.४ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर, १० मीटरला २५ सेकंद. वेग ०.४ गुणिले ०.८५, म्हणजे सेकंदाला ०.३४ मीटर. क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. प्रवाह सेकंदाला सुमारे २०४ लिटर. प्रयोगशाळेने तरंगता गाळ लिटरला ३५० मिलिग्रॅम दिला, तर सेकंदाला सुमारे ७१ ग्रॅम, म्हणजे तासाला साधारण २५७ किलो गाळ खाली गेला. ‘पाणी लाल होते’ आणि ‘तासाला अडीचशे किलो गाळ’ या दोन वाक्यांचे वजन कृषी खात्याच्या टेबलावर फार वेगळे असते.

पाटाच्या अरुंद तोंडाशी ९० अंशांची व्ही-खाच कापलेली लोखंडी पट्टी बसवता आली तर रोजचे काम सोपे होते. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा २.५ वा घात काढून १.३८ ने गुणा. १० सेंटिमीटर उंचीला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर येतात. उंची खाचेजवळ मोजू नका, अर्धा मीटर मागे मोजा, कारण खाचेशी पाणी खाली वाकते.

गाळाचा कळस थोडा वेळ टिकतो. डोंगरउताराचा ओहोळ पावसाची सर थांबल्यावर दोन-तीन तासांत बराच निवळतो, आणि अधिकारी दुपारी येईपर्यंत पुरावा समुद्राकडे निघून गेलेला असतो. म्हणून जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये किमान तीन वेळा, पाणी चढत असताना दर अर्ध्या तासाने नमुने घ्या. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आत जाऊ नका. पुलावरून किंवा साकवावरून दोरीला बाटली बांधून घ्या.

रात्रीच्या पावसासाठी एक साधी युक्ती: १ लिटरच्या बाटलीच्या बुचातून दोन नळ्या आत घाला, एक बाहेर येऊन वाकून खाली वळलेली, दुसरी हवा जाण्यासाठी तिच्यापेक्षा बरीच उंच. बाटली काठावर घट्ट रोवलेल्या खांबाला ठरावीक उंचीवर बांधा. पाणी त्या उंचीला आले की बाटली आपोआप भरते. तीन उंचींवर तीन बाटल्या लावल्या तर चढत्या पाण्याचे तीन नमुने सकाळी तयार मिळतात.

गढूळपणाच्या नळीचा आकडा आणि प्रयोगशाळेचा गाळाचा आकडा यांच्या १५-२० जोड्या जमल्या की आलेख काढा. त्यानंतर त्या ओहोळावर नळीवरूनच गाळाचा अंदाज येतो आणि खर्च वाचतो. दुसऱ्या ओहोळाला तो आलेख लावू नका, तिथली माती वेगळी असते.

आणखी एक प्रयोग जरूर करा. लाल पाणी उभ्या काचेच्या बरणीत भरून हलवू नका आणि १ तास, २४ तास, ३ दिवसांनी फोटो काढा. वाळू आणि जाड गाळ तासाभरात बसतो, पण इथली बारीक चिकणमाती कित्येक दिवस तरंगत राहते. गाळ अडवणाऱ्या तळ्यात पाणी काही तासच थांबत असेल तर असा गाळ तिथे बसणारच नाही, मग तळे कितीही स्वच्छ ठेवलेले असो. पिट उपसताना बाहेर पडणारे पाणी लालसर का दिसते याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

७. नमुना भरण्याची पद्धत

ओहोळात खालच्या बाजूने वर चालत जा, म्हणजे तुमच्या पायांनी उठलेला गाळ बाटलीत येणार नाही. तोंड प्रवाहाकडे करून मध्यधारेत उभे राहा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग पृष्ठभाग आणि तळ यांच्या मधून भरा.

उघड्या विहिरीत वरचा तवंग टाळून हातभर खालचे पाणी घ्या. टीसीएल (जंतुनाशक) पावडर केव्हा टाकली ते विचारा. बोअरवेलमधले थांबलेले पाणी आधी काढून टाका: १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये ३० मीटर पाणी उभे असेल तर ते सुमारे ५३० लिटर होते, आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे १६०० लिटर जाऊ द्यावे. रोज वापरात असलेल्या बोअरला वाहकतेचा आकडा स्थिर होईपर्यंत पंप चालवला तरी चालते. नमुना टाकीच्या नळातून नव्हे, पंपाच्या तोंडाशी घ्या.

बाटल्या तीन प्रकारच्या लागतात, आणि प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या:

• सर्वसाधारण तपासणीसाठी १ लिटर प्लास्टिकची.
• धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली. ही विसळायची नाही आणि ओसंडू द्यायची नाही. आम्ल हाताळताना हातमोजे घाला.
• जंतूंसाठी निर्जंतुक केलेली. बुचाच्या आत बोट लावू नका, थोडी जागा रिकामी सोडा.

धातूंच्या बाटलीशीच सर्वांत मोठी गफलत होते. गाळाचे पाणी तसेच आम्लात टाकले की मातीच्या कणांतले लोखंड विरघळते आणि अहवालात लिटरला २०-३० मिलिग्रॅम लोह दिसते. पाण्यात विरघळलेले लोह कदाचित ०.१ असेल. म्हणून दोन नमुने द्या: एक तसाच, एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून मग आम्लात. अहवालावर ‘एकूण’ आणि ‘विरघळलेले’ असे वेगळे आकडे मागा. हा फरक माहीत नसलेल्या गावाला खाणीचा सल्लागार पहिल्याच बैठकीत गप्प करतो.

पीएच जागेवरच मोजा. सकाळी निघण्यापूर्वी मीटर बफरमध्ये जुळवून घ्या. जांभ्यातल्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, त्यामुळे पीएचचा आकडा हळूहळू स्थिरावतो. तीन ते पाच मिनिटे थांबा. घाईत वाचलेले पीएच बऱ्याचदा चुकीचेच असते.

बाटलीवर जागेचे नाव, तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव लिहा आणि बर्फात ठेवा. जंतूंचा नमुना त्याच दिवशी, २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी नमुना घेऊ नका. दर दहा नमुन्यांमागे एका जागेचे दोन नमुने वेगळ्या नावांनी द्या. दोन्ही अहवाल जुळले तर प्रयोगशाळेवर भरवसा ठेवा.

८. प्रयोगशाळा आणि अहवाल

एनएबीएल (प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढे पुरेसे नाही, तुम्हाला हव्या त्या घटकासाठी मान्यता आहे का ते विचारा. किमान किती प्रमाण त्यांच्या यंत्राला दिसते हेही आधी विचारा. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम असताना यंत्राला ०.०५ पासूनच दिसत असेल, तर अहवालातल्या ‘बीडीएल’ला, म्हणजे ‘यंत्राला दिसले नाही’ या शेऱ्याला, काहीच अर्थ नाही.

नेहमीची यादी छोटी ठेवा: पीएच, वाहकता, गढूळपणा, तरंगता गाळ, लोह, मँगनीज, नायट्रेट, क्लोराइड, कोलिफॉर्म जंतू. शिसे, क्रोमियम, आर्सेनिक वर्षातून एकदा बस. जवळ गॅरेज किंवा यंत्रांची कार्यशाळा असेल तर तेल-ग्रीस जोडा.

९. आकडे कसे वाचाल

पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस १०५००:२०१२ आहे. त्यातल्या कामाच्या मर्यादा: पीएच ६.५ ते ८.५, गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणाचे एकक), दुसरा स्रोत नसेल तर ५. मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. लोह १.० मिलिग्रॅम, नायट्रेट ४५. कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये शून्य. या मर्यादा पिण्याच्या पाण्याला. खाणीच्या विसर्गाला संमतिपत्रातल्या मर्यादा. तक्रारीत दोन्हींची सरमिसळ केलीत तर तक्रार तिथेच संपते.

खालच्या गोष्टींवरून खाणीला दोष देण्यापूर्वी थांबा:

पीएच ५.८ आले. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. तुलनेच्या विहिरीतही तेवढेच असेल तर त्यात नवे काही नाही.

उन्हाळ्यात ओहोळाच्या कडेला नारिंगी बुळबुळीत थर आणि वर तेलासारखा तवंग. काडीने तवंग फोडा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोहजीवाणू आहेत आणि लोहयुक्त जमिनीत ते नैसर्गिक आहेत. तुकडे न होता तवंग पुन्हा एकत्र आला तर तेल, आणि ते कुठून येते ते शोधायला हवे.

नायट्रेट वाढले. स्फोटकांतून येऊ शकते, पण सेप्टिक टँक आणि खत यांतूनही येते. सोबत क्लोराइड आणि कोलिफॉर्म वाढले असतील तर आधी शेजारचा सेप्टिक टँक पाहा.

वाहकता अचानक हजारांत गेली. इथल्या विहिरींची वाहकता बहुतेकदा २५० मायक्रोसीमेन्सच्या खाली असते. हजारांतला आकडा भरतीच्या खाऱ्या पाण्याचा असतो.

मँगनीज मात्र गांभीर्याने घ्या, विशेषतः सांगे, केपे भागात, जिथे लोहखनिजाबरोबर मँगनीजही सापडते. नळाच्या तोटीवर, भांड्यांवर काळे डाग ही त्याची खूण. उकळून मँगनीज किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. हे घरोघरी सांगा, कारण ‘पाणी उकळून प्या’ एवढाच सल्ला सगळीकडे दिला जातो.

पातळीचा आलेख काढताना पावसाचे रोजचे आकडे वरच्या बाजूला आणि विहिरीची खोली खाली उलट्या अक्षावर घ्या. तुलनेची विहीर त्याच आलेखावर वेगळ्या रंगात. पंप सुरू झाल्याच्या तारखेला उभी रेषा मारा.

१०. आकडा मर्यादेबाहेर गेला तर

तीन दिवसांच्या आत त्याच जागेचा दुसरा नमुना घ्या. पिण्याच्या विहिरीचा प्रश्न असेल तर दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता ते पाणी पिणाऱ्यांना सांगा आणि पंचायतीमार्फत टँकर मागा.

मग लेखी तक्रार: प्रदूषण नियंत्रण मंडळ, जलस्रोत खाते, खाण व भूगर्भ खाते. शेतात गाळ आला असेल तर विभागीय कृषी कार्यालय आणि मामलेदारांनाही. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेत ठराव घ्यायचा असेल तर आलेखाची प्रत ठरावाला जोडायला लावा, नाहीतर इतिवृत्तात फक्त ‘पाण्याविषयी चर्चा झाली’ एवढेच उरते.

इथला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे विसर्गाचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा तर तो मंडळाच्या अधिकृत व्यक्तीने, खाणचालकाला तिथल्या तिथे नोटीस देऊन घेतलेला असावा लागतो. सर्वसाधारणपणे त्याचे दोन भाग करून सीलबंद करतात आणि त्यावर सह्या घेतात. तुम्ही भरलेली बाटली ती जागा घेऊ शकत नाही. तिचे काम वेगळे आहे: मंडळाला नेमक्या जागी, नेमक्या वेळी नमुना घ्यायला भाग पाडणे. म्हणून तक्रारीत ‘पाणी दूषित आहे, कारवाई करा’ असे लिहू नका. ‘ओ-२ येथे, ५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाल्यावर पहिल्या दोन तासांत, कलम २१ खाली नमुना घ्यावा’ असे लिहा आणि मागच्या तीन सरींची तुमची नोंद जोडा. पाहणीला अधिकारी आले की गावातल्या दोघांनी सोबत जावे, ते कुठे उभे राहून नमुना घेतात ते पाहावे आणि पंचनाम्याची प्रत मागावी.

पिण्याचे पाणी गेलेल्या वाड्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून योजना मागता येते, पिण्याचे पाणी हा त्या निधीच्या अग्रक्रमाचा विषय आहे. अर्जाला कोणत्या घरांच्या कोणत्या विहिरी, किती मीटर उतरल्या, कोणत्या महिन्यात कोरड्या पडल्या याचा तक्ता जोडा.

वहीचे प्रत्येक पान भरले की त्याच दिवशी फोटो काढून तीन जणांच्या मोबाइलवर ठेवा. चुकीचा आकडा खोडून त्यावर नवा लिहू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. मूळ वही पंचायतीत देऊ नका, झेरॉक्स द्या.